डोली क्रमांक सात

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यासमोर जी पितळी पाटी लावली आहे, तिच्यावर भलतेच लिहिले आहे. 'मठाधिपतींचे आसन. काळ : अंदाजे सातशे वर्षांपूर्वी.' तुम्ही सहलीला येता, रांगेत उभे राहता, पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून घेता आणि पुढे जाता. तुमचा त्यात दोष नाही. पाटी पितळेची असली की मोठी माणसेसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवतात. पण माझे वय सातशे नाही, छत्तीस आहे. आणि माझ्यावर एकही मठाधिपती कधी बसलेला नाही.

माझ्यावर बसत ती गुडघे धरलेली म्हातारी माणसे, दम लागणारे काका, पाय मुरगळलेल्या काकू. कधीकधी नुसत्या हौसेने धडधाकट लोकही बसत. ते सर्वांत जड लागत.

हा मठ डोंगराच्या माथ्यावर आहे. आठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी देवाच्या जवळ राहावेसे वाटले आणि त्यासाठी इतरांनी एवढ्या उंचीवर दगड चढवले. खालच्या गावापासून मठाच्या कमानीपर्यंत नऊशे साठ पायऱ्या आहेत, खडकातच खोदलेल्या. काही वीतभर उंच, काही गुडघ्याएवढ्या. मठात आता कुणी राहत नाही, पण तो बघायला माणसे लांबून येतात. ज्यांना चढवत नसे, त्यांना आम्ही वर नेत होतो. अशा आम्ही तीस डोल्या होतो. डोली म्हणजे दुसरे काय, दोन लांब दांडे, त्यांच्यामध्ये खुर्ची, आणि पुढे-मागे एकेक माणूस.

मला एका सुताराने घडवले, आपल्या जावयासाठी. जावई डोलीवाला होता. अंगाने काटकुळा, ताडमाड उंच आणि मानेतून जरा वाकलेला, म्हणून सगळे गाव त्याला 'उंट' म्हणत असे. सासरेबुवांची जीभ त्यांच्या रंध्यापेक्षा धारदार होती. "उंटाला मुलगी दिली," ते म्हणाले, "आता ओझंही मीच देतो, म्हणजे तक्रारीला जागा नको." पण लाकूड त्यांनी दोन महिने शोधले. माझ्या अंगात एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. बैठक वेताने विणली. खाली पाय ठेवायला फळी दिली. मग डोलीवाल्यांच्या संघटनेच्या माणसाने माझ्या बैठकीखाली पांढऱ्या रंगात सातचा आकडा काढला, आणि मी कामाला लागले.

उंटाचा जोडीदार त्याचा मेहुणा होता, बायकोचा पाठचा भाऊ. ठेंगणा, भरल्या अंगाचा, तोंडाने अखंड चालू. चढताना मेहुणा पुढे आणि उंट मागे, उतरताना उंट पुढे आणि मेहुणा मागे. उंच माणूस खालच्या बाजूला असला की खुर्ची सरळ राहते. त्यामुळे वजन मात्र कायम उंटाकडेच यायचे. मेहुणा त्यावरून त्याला चिडवायचा. "भाऊजी, देवानं तुम्हाला उंची दिली ती शहाणपण वाटताना रांगेत मागे राहिलात म्हणून." उंट हसायचा. चढावर बोलायला त्याच्याकडे श्वास नसे. वळण आले की मेहुणा ओरडायचा, "भाऊजी, धरा!" म्हणजे मागून जोर धरा, मी पाऊल वळवतो. दिवसातून वीस वेळा मी ते ऐकत असे.

माथ्यावर पोचलो की कमानीपाशी थांबायचे. तिथे एक फलक होता : 'डोलीवाल्यांनी आत येऊ नये.' पहारेकरी सांगायचा की यांच्या घामाने फरशी खराब होते आणि हे गारव्याला बसले की उठत नाहीत. प्रवासी आत जात. आम्ही उन्हात थांबत असू. मित्रांनो, उंटाने हजारो माणसांना मठ दाखवायला वर आणले, पण मठ कसा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून उतरताना तो प्रत्येकाला विचारायचा, "आत काय पाहिलंत?"

कुणी म्हणायचे, "जुनंच सगळं." कुणी म्हणायचे, "भिंती आहेत." पण काही जण सांगत. एका निवृत्त शिक्षिका बाईंनी त्याला सांगितले की मोठ्या दालनाचे छत निळे आहे आणि त्यावर सोनेरी चांदण्या रंगवल्या आहेत. पूर्वेच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या साधूचे चित्र आहे आणि तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. खिडक्या किती, यावर एकमत होत नसे. कुणी सात सांगे, कुणी नऊ.

संध्याकाळी मी घराच्या ओसरीवर असे. उंटाची लहान मुलगी माझ्या बैठकीवर पाय हलवत बसायची आणि तो तिला हे सगळे सांगायचा. स्वतः पाहिल्यासारखे सांगायचा. मधल्या गाळलेल्या जागा स्वतःच भरायचा.

"बाबा, त्या साधूबाबांचे डोळे कसे आहेत?"

"तुझ्या मामासारखे. जेवण झालं तरी भूक लागल्यासारखे."

मामा आतून ओरडायचा, "ऐकू येतंय मला!"

माझी सर्वांत चांगली वर्षे तीच. ती पंधरा होती.

पंधराव्या वर्षी हिवाळ्यात एक दिवस माझ्यावर गळ्यात दुर्बीण घातलेले एक गृहस्थ बसले. सकाळी धुके पडून पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. पाचशे पायऱ्यांनंतर एक अवघड वळण आहे, तिथला कठडा महिन्याभरापूर्वी ढासळला होता. दुरुस्तीचा अर्ज गेला होता. दगड आले नव्हते.

"साहेब, इथे हलू नका," उंट मागून म्हणाला. "पाठ टेकून बसा."

गृहस्थांना दरीत एक मोठा पक्षी दिसला. "अरे वा!" म्हणून ते दुर्बीण लावून डावीकडे वाकले.

माझा सगळा तोल गेला. मला सावरायला मेहुण्याने एक पाऊल बाहेर टाकले आणि ते नेमके शेवाळावर पडले. त्याच्या खांद्यावरचा पट्टा निसटला. माझ्या दांड्याचे पुढचे टोक दगडावर आपटले आणि त्याची हातभर ढलपी उडाली. मेहुणा कठड्याच्या फुटक्या जागेतून बाहेर घसरला, पण पुरता गेला नाही. त्याचा एक हात पायरीच्या काठाला अडकला होता.

"भाऊजी, धरा!" तो ओरडला.

उंट मागे होता. दोघांच्या मध्ये मी होते, माझी सगळी लांबी होती, आणि माझ्यात एक किंचाळणारा माणूस होता. उंटाने मला सोडले असते तर गृहस्थांना घेऊन मी पायऱ्यांवरून गडगडत गेले असते. त्याने सोडले नाही. पण एक गोष्ट आहे, जी त्याने कुणाला सांगितली नाही आणि त्याच्याखेरीज फक्त मलाच ठाऊक आहे. त्याच्या उजव्या हाताची बोटे एकदा उघडली होती. पाचही. मग ती पुन्हा मिटली आणि अशी मिटली की माझे लाकूड करकरले. तेवढ्यात काठावरचा हात दिसेनासा झाला.

मला धरा, असे मेहुणा म्हणत होता, की डोली धरा, असे म्हणत होता? रोजचाच शब्द होता तो. मी लाकूड आहे, मला काय कळणार? पण उंटालाही ते कधी कळले नाही, आणि पुढची सगळी वर्षे तो तेच शोधत राहिला, हे मला त्याच्या पकडीवरून समजायचे. त्या वळणावर त्याचे हात दरवेळी गार पडत.

माझे मात्र फार कौतुक झाले. माझे आणि उंटाचे. दुर्बीणवाल्या गृहस्थांनी मठाच्या अभिप्रायाच्या वहीत दोन पाने भरून लिहिले. जोडीदार पडला तरी या निष्ठावान माणसाने प्रवाशाला सोडले नाही, असे. मठाच्या व्यवस्थापकांनी उंटाला चौकटीतले प्रशस्तिपत्र दिले. तेही कमानीच्या बाहेरच दिले.

मेहुण्याला दरीतून वर आणून घरी नेले, त्या दुपारी उंटाची बायको अंगणात उभी होती. तिने भावाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"डोली सांभाळलीत," ती म्हणाली.

एवढेच. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या, ताट भिरकावले असते, तर बरे झाले असते. ती वेळेवर जेवायला वाढत राहिली. प्रशस्तिपत्र कपाटामागे गेले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. संध्याकाळी माझ्यावर येऊन बसणे तिने आपण होऊन बंद केले.

उंटाने आणखी अकरा वर्षे मला वाहिले, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. तो माणूस चांगला होता, पण बोलत नसे. मग रोपवे झाला. काचेचा डबा, चार मिनिटांत वर. उद्घाटनाला डोलीवाल्यांना पुढच्या रांगेत बसवले आणि भाषणात त्यांना 'या डोंगराचे खांदे' म्हटले. दुसऱ्या दिवसापासून डोल्यांना बंदी. बहुतेकांनी आपापल्या डोल्या फोडून चुलीत घातल्या. लाकूड जुने होते, छान जळले असणार. उंटाने मला घरामागच्या पडवीत ठेवले. तिथे चार वर्षे माझ्यावर कांदे वाळत होते आणि एक कोंबडी माझ्या बैठकीत अंडी घालत होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोंबडीने मला कधी आसन म्हटले नाही.

मुलगी शिकली. इतिहास शिकली. मठाचे संग्रहालय झाले होते, तिथे ती मार्गदर्शक म्हणून हंगामी नोकरीला लागली. पहिल्या दिवशी ती धावत घरी आली. पडवीच्या खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, छत निळंच आहे! तुम्ही सांगायचात तस्संच. आणि तो साधू खरंच सगळीकडून बघतो."

उंटाऐवजी बायकोच म्हणाली, "त्यांना काय विचारतेस? ते कमानीच्या आत कधी गेलेत?"

"म्हणजे? मग ते सगळं..."

"गिऱ्हाइकं सांगायची," उंट म्हणाला. "काही मी जोडायचो."

मुलगी म्हणाली, "मी नेईन तुम्हाला. पहिल्या सुट्टीत नेते."

आणि मग काही दिवसांनी तिला माझी आठवण झाली. संग्रहालयात डोलीवाल्यांचा एक कोपरा करू, असे तिने वर सुचवले होते आणि वरचे 'बघू' म्हणाले होते. "बाबा, तुमची डोली तिथे ठेवू. खाली तुमचं नाव, मामाचं नाव." उंटाने चार दिवस मला धुतले, घासले, तेल लावले. बैठक नव्या वेताने स्वतः विणली. त्याची बोटे तोवर वाकडी झाली होती, त्यामुळे वीण थोडी तिरकी आली. न्यायला माणसे आली तेव्हा त्याने माझ्या दांड्यावर थाप मारली. "जा," तो म्हणाला. "तू तरी आत जा."

मी आत आले. मोठ्या दालनात, निळ्या छताखाली.

तिसऱ्या दिवशी संचालक आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "डोली बघायला कोण येणार?" ते म्हणाले. "त्यापेक्षा असं बघा, जुन्या ग्रंथांत मठाधिपतींच्या आसनाचा उल्लेख आहे. ते कधीच हरवलं. लोक सारखे विचारतात. ते तरी यापेक्षा वेगळं काय असणार?"

"साहेब, ही माझ्या बाबांची आहे," मुलगी म्हणाली. "हिच्यावरून माझा मामा..."

"मग तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. कुठून कुठे पोचली!" त्यांनी खिशातून रुमाल काढून बोटे पुसली. "आणि कायम करायच्या लोकांची यादी पुढच्या महिन्यात जातेय. तुमचं नाव मी घातलंय. तुम्हाला माहीत असेलच."

तिला माहीत होते. रोपवे आल्यापासून गावात दुसरे काम उरले नव्हते, आणि उंटाचे गुडघे कामातून गेले होते. मी तिला सगळा दोष देत नाही. थोडा देते.

मग एक कारागीर आला. त्याने काचकागदाने माझा सातचा आकडा घासून काढला. उंटाने विणलेला वेत कापून फेकला आणि तिथे लाल मखमल ठोकली. होय, ठोकली, खिळ्यांनी. मला काळसर पॉलिश चढवले. दांड्याच्या पुढच्या टोकाची, ढलपी उडालेली खाच भरायला त्याने लुकण कालवले, तेव्हा संचालक म्हणाले, "ती राहू दे. तलवारीचा घाव वाटतो."

मुलगी पहिले काही महिने पाटीवरचा मजकूर पोपटासारखा म्हणायची. लोक जांभया द्यायचे. मग एक दिवस तिने त्यात एक गोष्ट जोडली. शत्रूने मठाला वेढा घातला, दोन सेवक मठाधिपतींना या आसनावरून चोरवाटेने खाली नेत होते, तलवारीचा वार दांड्यावर बसला, पुढचा सेवक कड्यावरून कोसळला, पण मागच्याने आसन सोडले नाही. ते ऐकून मी शहारले. मला वाटले, पोरगी खरे सांगायची वाट शोधते आहे. उघड सांगता येत नाही म्हणून जुन्या कपड्यांत गुंडाळून सांगते आहे. कदाचित पहिल्या दिवशी तसेच असेल. पण लोक एकदम शांत झाले. एका बाईंनी डोळे पुसले. संचालकांनी पाठ थोपटली. कुठल्या शब्दावर माणसे गप्प होतात हे तिला कळले, आणि हे एकदा कळले की त्या शब्दाची चटक लागते. गोष्ट दिवसेंदिवस वाढत गेली.

आईवडिलांना तिने आणले नाही. पहिल्या सुट्टीत आणले नाही, दुसऱ्या सुट्टीतही नाही. गर्दी आहे, तुमचे गुडघे, थंडी जाऊ दे, असे करत तीन वर्षे गेली.

मग एके सकाळी ते दोघे आपणहून आले. दालनाच्या दारातून मला कमान दिसते. उंट काठी टेकत आला आणि कमानीपाशी सवयीने थांबला. मागची माणसे त्याच्यावर आदळली.

"अहो, चला," बायको म्हणाली. "आता कोण अडवतंय?"

तो आत आला. मान वर करून त्याने छताकडे पाहिले. मग बोटाने खिडक्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"आठ!" तो बायकोला म्हणाला. "सातवाला पण खोटारडा आणि नऊवाला पण."

ती हसली. तोही हसला. त्या हिवाळ्यानंतर मी त्या दोघांना एकत्र हसताना पाहिले ते एवढेच.

तेवढ्यात मुलगी तीस-चाळीस जणांना घेऊन माझ्यापाशी आली. गर्दीत तिला आईवडील दिसले नाहीत. संचालक कुणा पाहुण्यांना घेऊन दाराशी उभे होते. तेव्हा माझ्याभोवती काच नव्हती, नुसती दोरी होती. उंटाने मला आधी ओळखले नाही. लाल मखमल बघून त्याची नजर पुढे गेली. मग ती ढलपी उडालेल्या खाचेवर आली आणि तिथेच राहिली.

मुलगी बोलत होती. तिचा आवाज फार गोड आहे. "...आणि पुढचा सेवक कड्याच्या टोकाला लोंबकळत होता. मागच्याने हात पुढे केला. पण तो हसतमुखाने म्हणाला, 'मला सोडा, आसन धरा!' आणि त्याने स्वतःच हात सोडून दिला."

तोवर उंट दोरीपर्यंत आला होता. त्याने हात लांबवून माझ्या दांड्याच्या मागच्या टोकावर ठेवला, तिथे त्याच्या पंज्याने पडलेला खळगा अजून आहे. पॉलिशखाली, पण आहे.

"आजोबा, दोरीच्या आत हात नको," मुलगी म्हणाली.

हे ती सवयीने म्हणाली. दिवसातून दहा जणांना म्हणते. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तिचे ओठ उघडे राहिले. तिने दाराकडे पाहिले, तिथे संचालक होते. पुन्हा वडिलांकडे पाहिले. त्या वेळी एक शब्द बोलायचा होता. दोनच अक्षरांचा. तो तिने उच्चारला नाही.

उंटाने हात काढून घेतला. "चुकलं, बाई," तो म्हणाला.

पण त्याची बायको गप्प बसली नाही. ती गर्दीतून पुढे झाली. "हसतमुखानं?" ती म्हणाली. "माझा भाऊ होता तो. मी त्याचं तोंड धुतलंय. हसत नव्हता."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी फुसकन हसले. संचालक दारातून म्हणाले, "काय झालं? कोण आहेत या?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "म्हातारी माणसं आहेत, साहेब. उन्हातून आलीत."

आईने तिच्याकडे एकदा पाहिले. काही बोलली नाही. तीस-पस्तीस वर्षे मी त्या बाईला ओळखते. ती जेव्हा बोलत नाही तेव्हा ते कायमचे असते.

उंटाने बायकोचा दंड धरला. जाता जाता तो मुलीजवळ थांबला आणि हळू आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असे म्हणाला, "बाई, तो 'मला सोडा' म्हणाला नव्हता. नुसतं 'धरा' म्हणाला होता. बाकी सगळं सांगा तुम्ही. तेवढं एक काढा."

"चला, पुढच्या दालनात," मुलगी लोकांना म्हणाली.

आठवड्याभरात माझ्याभोवती काच आली, लोक हात लावतात म्हणून. मुलगी कायम झाली आणि वरच्याच कर्मचारी निवासात राहायला आली. खालच्या घरी ती दोनदा गेल्याचे दालन झाडणारी बाई सांगत होती. दोन्ही वेळा आईने दार उघडले, पाणी दिले आणि शेजारच्या घरी निघून गेली. वडील तिच्याशी चांगले बोलले. हवापाण्याचे बोलले.

एका सकाळी, दार उघडायच्या आधी, मुलगी एकटी माझ्यासमोर आली. पर्समधून तिने एक कागद काढला. सुंदर अक्षरात लिहिलेला होता. 'डोली. वाहक :' आणि पुढे दोन नावे. तिने तो पितळी पाटीवर धरून पाहिला. बाहेर पावले वाजली, तसा घडी करून परत ठेवला. आणखी दोन-तीनदा तिने तो आणला. मग आणणे बंद केले.

गेल्या वर्षी उंट वारला. निरोप सकाळी आला. पण त्या दिवशी चार बसगाड्या आल्या होत्या, दुसरे कुणी नव्हते, म्हणून खाली जाण्याआधी तिने दोन गट घेतले. ते वाक्य आले तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. 'मला सोडा, आसन धरा!' एक अक्षरही गाळले नाही. आवाज कापला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला भरपूर जपले जाते. मला ऊन लागत नाही, ओल लागत नाही, वाळवी लागत नाही. मला पुसायला वेगळे मऊ फडके आहे. ज्या माणसांनी मला खांद्यावर घेतले, त्यांच्या वाट्याला यातले काही आले नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. सहलीहून घरी गेलात की तुमच्या घरात ज्याचा खांदा झिजला असेल, ज्याची बोटे वाकडी झाली असतील, त्याच्यापाशी बसा आणि काय झाले होते ते त्याच्या तोंडून ऐका. जसे सांगेल तसे लिहून घ्या. ऐकायला बरे वाटावे म्हणून त्यात एक शब्दही घालू नका. आणि उद्या चारचौघांत तो माणूस तुमच्यासमोर येऊन उभा राहिला, तर त्याला ओळख द्या. तो फार वेळ उभा राहत नाही.